जास्तीची किल्ली

चिमटीनं दुकान टाकलं तेव्हा पाटीवर तीन ओळी लिहून घेतल्या. पहिली, ‘किल्ल्या बनवून मिळतील’. दुसरी, ‘कुलपं दुरुस्त करून मिळतील’. इथवर सगळं ठीक होतं. पण खाली चार बोटं जागा उरली आणि तिचा नवरा म्हणाला, “पाटी अख्खी आपली, मग जागा कशाला रिकामी सोडतेस?” म्हणून तिसरी ओळ आली: ‘बंद दारं उघडून मिळतील’. या तिसऱ्या ओळीनं घात केला.

समोरच्या सलूनवाल्यानं ती मोठ्यानं वाचली. “बंद दारं उघडून मिळतील म्हणे! कोणाची, ते नाही लिहिलं.” खुर्चीत फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक इतकं हसलं की सलूनवाल्याला वस्तरा लांब धरावा लागला. संध्याकाळपर्यंत हा विनोद गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचला, आणि रात्री जेवताना घराघरांतला विनोद संपून नुसती शंका उरली. बाई नवी, कोण कुठली माहीत नाही, आणि कुठलंही दार उघडते. झालं!

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचे वडील कुलपं बनवायचे. लहानपणी जिथं त्यांचं बोट शिरायचं नाही तिथं हिचं शिरायचं, म्हणून त्यांनी ठेवलेलं हे नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. वडील गेले आणि दुकान थोरल्या भावाकडे आलं. भाऊ पुढे गल्ल्यावर बसायचा आणि चिमटी पडद्यामागे मशीनवर. बिघडलेलं कुलूप पडद्याखालून आत जायचं, दुरुस्त होऊन बाहेर यायचं, आणि गिऱ्हाईक भावाला म्हणायचं, “दादा, हातात जादू आहे तुमच्या!” भाऊ हात जोडून म्हणायचा, “बाबांची कृपा.” आत चिमटी कानस अशी घासायची की गिऱ्हाईकाचे दात शिवशिवायचे. अकरा वर्षं तिनं हे ऐकलं. मग एक दिवस कानस ठेवली, पडदा सारून बाहेर आली आणि म्हणाली, “दादा, माझं मी बघते.”

भाऊ आधी हसला, मग चिडला, आणि शेवटी अट घालून मोकळा झाला. “किल्ल्यांचं मशीन ने. तीन महिने देतो. गिऱ्हाईक लागलं तर मशीन तुझं. नाही लागलं तर तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी टेम्पो घेऊन येतो. मशीन आणि तू, दोघंही परत पडद्यामागे. चालेल?”

“चालेल,” चिमटी म्हणाली. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, “ती फळीपण नेते.”

ती वडिलांची फळी. तिच्यावर एकवीस आकडे होते आणि एके काळी प्रत्येक आकड्याला शेजारपाजारच्या कोणाच्या तरी घराची जास्तीची किल्ली लटकत असायची. लोक आपण होऊन ठेवून जायचे. वडील गेल्यावर एकेकजण आला, ‘सहज’ म्हणाला आणि आपली किल्ली घेऊन गेला. वर्षभरात फळी रिकामी झाली. भावानं त्याबद्दल कधी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. आताही तो एवढंच म्हणाला, “ने. नाहीतरी रिकामीच आहे.”

तर ती रिकामी फळी नव्या दुकानात टांगली गेली आणि रिकामीच राहिली. गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही हो, येत होतं! पण कसं? एकजण किल्ली घेऊन आला आणि दोऱ्याचं एक टोक किल्लीला, दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधून मशीनपाशी उभा राहिला. दुसऱ्यानं किल्ली कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवून आणली, म्हणाला, “यावरून करा.” एक काकू तर कमाल. किल्ली द्यायची भीती वाटते म्हणून अंगाच्या साबणावर तिचा ठसा उमटवून घेऊन आल्या.

“काकू, हे असं चोर करतात,” चिमटी म्हणाली.

काकू साबण पदराखाली लपवून जवळजवळ पळतच सुटल्या. रात्री चिमटीनं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “साबण तरी ठेवून घ्यायचास.” हा तिचा नवरा शाळेची बस चालवायचा, सकाळी आणि दुपारी. मधल्या वेळात त्याला काही काम नसायचं आणि तोंड मात्र असायचं.

पण गल्लीतलं खरं प्रकरण म्हणजे बाई. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सलूनच्या वरच्या मजल्यावर थोरल्या बहिणीबरोबर राहणाऱ्या. थोरलीचे कान पार गेलेले आणि बाईंचे डोळे इतके तेज की त्या खिडकीत उभ्या राहिल्या की खाली सायकलवालासुद्धा आपसूक डावीकडून जायचा. गल्लीतले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. बाई ज्या दुकानात जातात ते दुकान चांगलं, हा इथला हिशेब.

पहिल्या महिन्यात एकदा बाई आल्या. रुमालाची गाठ सोडली, किल्ली काढली, काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर दोन बोटं ठेवूनच विचारलं, “एक जास्तीची करून स्वतःकडे ठेवत नाहीस ना?”

“नाही हो बाई!”

“हे तू म्हणणारच.”

“मग काय म्हणू?”

“ते मी कसं सांगू? उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं.” बाईंनी किल्ली परत रुमालात बांधली आणि रस्ता ओलांडून निघून गेल्या. सलूनवाल्यानं हे पाहिलं, म्हणजे गल्लीनं पाहिलं. त्या दिवसापासून दोरावालासुद्धा यायचा बंद झाला.

असं करत करत शेवटचा आठवडा आला. गुरुवारी सकाळी चिमटी रिकामी बसली होती. रविवारी टेम्पो येणार होता. पाटीतच काहीतरी चुकतंय, तिला वाटलं. आपण ती नेहमी खालून, मान वर करून बघतो. गिऱ्हाईकाला पलीकडून कशी दिसते, ते एकदा बघावं. ती उठली, रस्ता ओलांडून सलूनपाशी गेली आणि वळून पाटीकडे बघते तोच वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिच्या दुकानाचं दार धाडकन लागलं.

त्या दाराला कुलूप तिनं स्वतः बनवलेलं होतं. ओढलं की आपोआप लागणारं, आणि किल्लीशिवाय बाहेरून न उघडणारं. किल्ली आत, काउंटरवर.

सलूनवाल्याचा वस्तरा थांबला. “लागलं?” त्यानं विचारलं.

“लागलं,” चिमटी म्हणाली.

“जास्तीची किल्ली असेल की.”

“आहे.”

“कुठाय?”

चिमटीनं समोर बोट दाखवलं. काचेतून वडिलांची फळी दिसत होती. एकवीस आकड्यांपैकी वीस रिकामे आणि पहिल्यावर तिच्याच दुकानाची जास्तीची किल्ली, वाऱ्यानं अजून हलत होती.

सलूनवाला पोट धरून हसला. मग त्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाईकाला तसंच अर्धवट सोडलं आणि रस्त्यात उभा राहून हाळी दिली, “या हो, या! किल्लीवालीच बाहेर अडकली!” पाच मिनिटांत तिच्या दारापुढे वीसेक माणसं जमली. इस्त्रीवाला आला, साबणवाल्या काकू आल्या, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गळ्याला टॉवेल गुंडाळून आलं. वरच्या खिडकीतून बाईंनी पाहिलं, आणि खिडकीतून नीट दिसेना म्हणून त्याही जिना उतरून खाली आल्या आणि सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या.

बस लावून नवरा आला तेव्हा चिमटी पायरीवर बसली होती. तो कानाशी वाकून म्हणाला, “अगं, उघड की! दहा सेकंदांचं काम तुझं.”

खरंच होतं ते. वडिलांची एक पोलादी सळी होती, कुठल्याही कुलपाशी बोलणारी. चिमटी ती कधी हत्यारांच्या पेटीत ठेवायची नाही. ती कायम तिच्या अंबाड्यात खोचलेली असायची आणि लोकांना तो केसांचा आकडाच वाटायचा.

“उघडलं,” चिमटी दातांतल्या दातांत पुटपुटली, “तर ही सगळी घरी जाऊन म्हणतील, हिनं स्वतःचं कुलूप दहा सेकंदांत उघडलं, आपलं पाचात उघडेल. संपलं दुकान.”

“मग नको उघडू.”

“नाही उघडलं तर म्हणतील, हिला स्वतःचंच उघडत नाही, आपलं काय उघडणार. तरी संपलं.”

नवऱ्यानं डोकं खाजवलं. त्याचं डोकं चालायला लागलं की चिमटीला नेहमी धास्ती वाटायची. “हे बघ,” तो म्हणाला, “वेळ काढ. पुढचं मी बघतो.” आणि तिला काही बोलायची संधी न देता गर्दीकडे वळून ओरडला, “सोपं नाही हो! हे कुलूप बाजारातलं नाही. हिनं स्वतः बनवलंय. आता हिलाही उघडतंय का ते बघायचं!”

काय करणार? चिमटीनं इस्त्रीवाल्याकडून तारेचा तुकडा मागून घेतला आणि कुलपात घालून खडखड सुरू केली. दहा मिनिटं खडखड. मग कपाळावरचा घाम पुसला. मग सलूनवाल्याकडून शेपटीचा कंगवा घेतला आणि त्याची शेपटी घालून पाहिली. “अगं बाई गं,” ती मोठ्यानं म्हणाली, “काय कुलूप बनवलंय मी!” नवरा शेजारी उभा राहून दर पाच मिनिटांनी सुस्कारा सोडत होता, तोही नाटकात राजाला सुळावर नेताना सोडतात तसला.

आणि गंमत बघा, लोकांना ते पटायला लागलं! अर्ध्या तासानं अर्धी दाढीवाला म्हणाला, “च्यायला, कुलूप भारी आहे.” तासाभरानं इस्त्रीवाला खाली बसून कुलूप निरखायला लागला. सव्वा तासानं खुद्द सलूनवाल्यानं घसा खाकरला. “असलं कुलूप माझ्या दुकानाला बसेल का?”

“बसेल की!” चिमटीच्या आधी नवराच बोलला.

“मलापण एक,” इस्त्रीवाला म्हणाला.

“आणि मला पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना,” काकू म्हणाल्या.

एका दमात चार कुलपांचं गिऱ्हाईक! तीन महिन्यांत झालं नव्हतं ते सव्वा तासात झालं होतं. चिमटीला आतून हसू फुटत होतं आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. तिला कळेना, हसू जास्त आहे की लाज. पण टेम्पो रिकामा परत जाणार एवढं मात्र कळलं आणि तिनं अजून जोरात तार खडखडवली.

बाई एकही शब्द बोलल्या नव्हत्या. चष्मा पुसून पुसून बघत होत्या. अचानक त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“दूध,” त्या म्हणाल्या.

“काय बाई?”

“दूध ठेवून आले होते शेगडीवर. बारीक आचेवर.” त्यांनी कमरेला हात लावला, रुमाल उलगडला, दुसरा हात पदराच्या टोकाला लावला. “किल्ली आत राहिली. दार ओढून आले मी. थोरली आत झोपलीय. तिला हाका ऐकू येत नाहीत.”

सव्वा तास उलटला होता. दूध केव्हाच उतू जाऊन आच विझली असणार आणि गॅस तसाच चालू असणार, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. कोणी म्हणालं दार फोडा, कोणी म्हणालं शिडी आणा. चिमटी यातलं काही ऐकायला तिथं नव्हतीच. ती रस्ता ओलांडून जिन्यावर होती, दोन-दोन पायऱ्या चढत. वर पोचेपर्यंत तिनं अंबाड्यातून सळी उपसली होती, केस पाठीवर सुटले होते. गुडघे टेकले, सळी आत घातली, मान तिरपी करून कान दाराला लावला. खट्. दार उघडलं.

वास नाकात शिरला. “कोणी बटणं दाबू नका!” ती ओरडली आणि आधी शेगडी बंद केली, मग धडाधड खिडक्या उघडल्या. मागून बाई आल्या. आतल्या खोलीत थोरली शांतपणे घोरत होती. बाईंनी तिला गदागदा हलवलं तेव्हा तिनं डोळे उघडले, जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि विचारलं, “दूध गेलं का उतू?”

बाई मटकन खाटेवर बसल्या आणि थोरलीचा हात धरून रडल्या. गल्लीनं त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

चिमटी जिन्यात आली. “नऊ,” सलूनवाला म्हणाला. “मी मोजले. नऊ सेकंद.” मग त्यानं चिमटीच्या हातातल्या सळीकडे पाहिलं. “मग खाली सव्वा तास काय चाललं होतं?”

चिमटीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जिन्याचा कठडा किती मजबूत आहे ते तपासत होता.

“नाटक,” ती म्हणाली. “तुम्ही घाबराल म्हणून. मला सगळी कुलपं उघडता येतात. माझंही, तुमचंही. चुकलं माझं.”

सलूनवाल्यानं हात पुढे करून आपला कंगवा परत घेतला. काकू जाता जाता म्हणाल्या, “दोन्ही दारांचं राहू दे गं.” चिमटी खाली उतरली, सगळ्यांदेखत सळीनं आपलं दार उघडलं आणि आत जाऊन मशीनवर फडकं टाकलं. आता रविवारची वाट बघायची. तिला रडू आवरेना. नवरा शेजारी उभा होता. त्यानं मशीनवरचं फडकं उगाच सारखं केलं.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडून पाच मिनिटंही झाली नसतील, बाई दारात.

“मी चाळीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेतल्यात,” बाई म्हणाल्या. “कॉपी करणारं पोर सगळीकडे बघतं, फक्त जिथं चिठ्ठी लपवलीय तिथं बघत नाही. काल तू घाम पुसलास, मान खाजवलीस, कान खाजवलास. अंबाड्याला काही हात लावेनास. शिवाय तारेचं बोथट टोक घालत होतीस कुलपात. दहाव्या मिनिटाला ओळखलं मी.”

चिमटी गोरीमोरी झाली. “मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“मजा येत होती,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर दूध विसरले.”

हसू आधी कोणाला फुटलं ते सांगता येणार नाही.

“खोटं बोलणारी पोरं मी ढिगानं पाहिली,” डोळे पुसत बाई म्हणाल्या. “पण इतकं वाईट खोटं बोलणारी तू पहिलीच. आणि तो तुझा नवरा! तू कुठं चोरी करायला गेलीस तर तो बाहेर उभा राहून गर्दी जमवेल.” मग त्यांचा आवाज खाली आला. “चार कुलपांचं गिऱ्हाईक लागलं होतं तुला. जिन्यावर पळताना आठवलं नाही का, की आता ते जाणार?”

“नाही हो. थोरल्या ताई आत होत्या ना.”

बाईंनी मान हलवली. बरोबर उत्तर आलं की हलवायच्या तशी. रुमालाची गाठ सोडून किल्ली काउंटरवर ठेवली आणि या वेळी बोटं उचलून घेतली. “दोन कर.”

“एक थोरल्या ताईंना. आणि दुसरी?”

“दुसरी तिथं.” बाईंनी फळीकडे बोट दाखवलं. “मी पुन्हा विसरणार. आणि दर वेळी तुझे ते नऊ सेकंद नकोत. बघणाऱ्याला धडकी भरते.”

चिमटीनं किल्ली मशीनला लावली. बाई तिकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या, मुद्दाम, सलूनवाल्याला दिसेल अशा. किल्ल्या झाल्या, एक फळीवर गेली, तरी बाई हलेनात. त्यांनी तळहात पुढे केला.

“आता तुझी आण.”

“माझी?”

“दुकानाची जास्तीची किल्ली. आतल्या आकड्याला टांगून ठेवतं का कोणी?”

चिमटीनं किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवता ठेवता थांबली. “बाई, तुम्ही हिची अजून एक करून ठेवणार नाही ना?”

“हे मी कसं सांगू?” बाई म्हणाल्या. किल्ली रुमालात बांधून त्या रस्ता ओलांडून गेल्या. जाताना सलूनमध्ये डोकावून एवढंच म्हणाल्या, “तुझं दुकान मागच्या महिन्यात दोनदा उघडं राहिलं होतं ना रे? तिच्याकडे एक ठेव.”

सलूनवाला दुपारी आला. तोंड वाकडं करून, पण आला. इस्त्रीवाला शनिवारी आला. काकू किल्ली घेऊन आल्या, खरीखुरी, साबणाचा वास येणारी.

रविवारी टेम्पो दारात लागला. भाऊ उतरला, बाह्या सरसावून आत आला आणि मशीनकडे जायच्या आधी फळीपाशी थबकला. त्यानं बोटानं मोजल्या. अकरा.

“या काय, गिऱ्हाईकं न्यायला विसरली?”

“नाही दादा. ठेवून गेलीत.”

भाऊ पुढे झाला. त्यानं फळीला हात लावला, बाराव्या आकड्यावरून बोट फिरवलं. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, “चला की शेठ, काय काय उचलायचंय?”

“काही नाही,” भाऊ म्हणाला. मग खिशातून आपल्या घराची किल्ली काढून त्यानं काउंटरवर ठेवली. “एक करून दे. माझ्याकडे नाही द्यायची. वर टांग.”